बिनतारी लहरी, सह्याद्रीचे डोंगर आणि स्कॅनरची जुळणी
सातारा-सांगलीच्या भूरचनेत पारंपरिक वाहिन्यांचे ग्रहण सुधारण्यासाठी उपयुक्त माहिती

महापूर, भूकंप किंवा दरड कोसळण्यासारख्या संकटात मोबाईल यंत्रणा कोलमडली की बिनतारी संदेशांचे महत्त्व पुन्हा जाणवू लागते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांनी हा अनुभव अनेकदा घेतला आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसर भूकंपाने हादरला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडींनी बळी घेतले. अशा वेळी वीजपुरवठा खंडित होतो, मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपतात, रस्ते तुटतात आणि संपर्काचा भार बिनतारी यंत्रणेवर येतो.

१९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या आपत्तींमध्ये हौशी रेडिओचालकांनी, म्हणजेच हॅम मंडळींनी, निरोप पोहोचविण्याचे मोलाचे काम केले. या छंदाकडे वळणाऱ्यांची पहिली पायरी बहुधा ऐकण्याची असते आणि त्यासाठीचे प्रमुख साधन म्हणजे स्कॅनर. मात्र महागडा स्कॅनर आणूनही खरखरीखेरीज काही ऐकू येत नाही, अशी तक्रार नवशिक्यांकडून हमखास होते. अनेकदा दोष यंत्राचा नसतो, तर त्याच्या जुळणीचा आणि अँटेनाच्या जागेचा असतो.

पारंपरिक वाहिनी म्हणजे काय?

बिनतारी संदेशवहनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पारंपरिक, म्हणजे कन्व्हेन्शनल, पद्धतीत प्रत्येक गटाला एक ठरावीक वारंवारता नेमून दिलेली असते. त्या वारंवारतेवर यंत्र लावले की संभाषण ऐकू येते. ट्रंकिंग पद्धतीत संगणक दर संभाषणाला मोकळी असलेली वाहिनी देतो. त्यामुळे साधा स्कॅनर एकच संभाषण सलग ऐकू शकत नाही. हौशी रेडिओ, विमानवाहतूक आणि सागरी संदेशवहन प्रामुख्याने पारंपरिक पद्धतीने चालते. पुढील विवेचन याच पद्धतीपुरते आहे.

भारतात हौशी चालकांसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे स्कॅनरच्या दृष्टीने सर्वाधिक उपयोगाचे आहेत. पहिल्याला तरंगलांबीवरून ‘दोन मीटर’, तर दुसऱ्याला ‘सत्तर सेंटिमीटर’ पट्टा म्हटले जाते. दूरच्या संपर्कासाठी ७ आणि १४ मेगाहर्ट्झचे लघुलहरी पट्टे वापरले जातात. पण त्यांचे तंत्र वेगळे आहे.

कायद्याची चौकट आधी

स्कॅनर विकत घेण्यापूर्वी कायदा समजून घेणे अत्यावश्यक आहे. करमणुकीच्या प्रसारणाचा साधा रेडिओ वगळता अन्य बिनतारी यंत्र बाळगण्यास परवानगी लागते, हे तत्त्व १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यात होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ते कायम ठेवले. या नव्या कायद्याचे कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून अमलात आले. त्यानुसार बेकायदा संदेश टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पोलीस, संरक्षण दले किंवा अन्य शासकीय यंत्रणांचे संदेश ऐकणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

ऑनलाइन दुकानांतून स्वस्तात मिळणाऱ्या वॉकीटॉकींविषयीही सावध राहावे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट आहे. तथापि अनेक यंत्रे त्याबाहेरच्या वारंवारतांवरही प्रक्षेपण करू शकतात. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

सरळ मार्ग हौशी परवान्याचा आहे. किमान वय १२ वर्षे असलेली व्यक्ती केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा देऊ शकते. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीसाठी रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम यांची परीक्षा असते, मोर्स लिपीची सक्ती नसते. ‘जनरल’ श्रेणीसाठी मोर्सही यावे लागते. परवाना हाती आल्यावर ऐकणे आणि बोलणे या दोन्हींना कायदेशीर आधार मिळतो.

डोंगर आणि दरी यांचा हिशेब

दोन मीटर पट्ट्यातील लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. त्यामुळे अँटेनाची उंची हा ग्रहणाचा पहिला घटक ठरतो. ढोबळ हिशेबासाठी अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. प्रक्षेपक आणि ग्राहक या दोन्ही बाजूंचे असे अंतर काढून त्यांची बेरीज करावी.

महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर, तर सांगली शहर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या माथ्यावरील प्रक्षेपक सांगलीच्या सपाटीहून सुमारे ८२० मीटर वर असेल. त्याची दृष्टिरेषा सुमारे ११८ किलोमीटर येते. सांगलीत दहा मीटर उंचीवर अँटेना असेल तर आणखी १३ किलोमीटर मिळतात, एकूण १३१. प्रत्यक्षात हे हवाई अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. त्यामुळे सांगलीत हा संदेश एरवी क्षीण येईल किंवा येणारच नाही. कऱ्हाड मात्र नव्वद किलोमीटरच्या आत असल्याने मधे डोंगराची आड नसेल तर तेथे तोच संदेश सहज ऐकू यावा.

हा हिशेब सपाट भूमीचा झाला. सातारा शहर अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या कुशीत वसले आहे. शहराच्या एका पेठेत उत्तम मिळणारा संदेश दुसऱ्या पेठेत डोंगराच्या सावलीत जाऊ शकतो. शिवसागर जलाशयाच्या पलीकडची कांदाटी खोऱ्यातील गावे, पाटणच्या दऱ्या आणि शिराळा तालुक्याचा डोंगराळ भाग यांची स्थिती अधिक कठीण आहे. याउलट मिरज, तासगाव, जत आणि आटपाडीकडील मोकळ्या माळावर साधी अँटेनाही बरेच काम देते.

दरीतील श्रोत्याने एक प्रयोग अवश्य करावा. दोन मीटर पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असते. डोंगरावरून परावर्तित झालेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना पूरक ठरतात, तर काही ठिकाणी एकमेकींना नष्ट करतात. त्यामुळे यंत्र अर्धा ते एक मीटर सरकवल्यानेही आवाजात लक्षणीय फरक पडतो. खिडकी, गच्चीचा कोपरा, पाण्याच्या टाकीची बाजू अशा चार-पाच जागा तपासून उत्तम जागेवर खूण करून ठेवावी.

अँटेना व वायर

यंत्रासोबत येणारी आखूड रबरी अँटेना ही सोयीची तडजोड असते. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव-लहर अँटेनाची लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर, तर ४३६ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १६ ते १७ सेंटिमीटर असावी. दुर्बिणीसारखी उलगडणारी अँटेना असेल तर ती पूर्ण ताणण्याऐवजी वारंवारतेनुसार लांबी ठेवावी. या पट्ट्यांतील स्थानिक संभाषण सहसा उभ्या अँटेनावरून होते. म्हणून ग्राहक अँटेनाही उभीच हवी. ती आडवी ठेवल्यास मोकळ्या जागेत संदेश वीस डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभरपटीने, घटू शकतो.

गच्चीवरील अँटेनापासून यंत्रापर्यंतची वायर हा दुर्लक्षित घटक आहे. आरजी-५८ ही बारीक वायर वीस मीटर वापरली तर १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे चार डेसिबल नुकसान होते, म्हणजे पोहोचते केवळ चाळीस टक्के शक्ती. ४३६ मेगाहर्ट्झवर हेच नुकसान सात डेसिबलच्या पुढे जाते आणि पाचव्या हिश्श्याहूनही कमी शक्ती उरते. केवळ ऐकण्यासाठी केबल टीव्हीची आरजी-६ वायर हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. तिचा रोध ७५ ओहम असला तरी ग्रहणात त्याने फारसे बिघडत नाही. पावसाळ्यापूर्वी जोडांवर जलरोधक पट्टी गुंडाळावी; वायरीत पाणी शिरले की ती निकामी होते. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्यास बाहेरची अँटेना यंत्रापासून वेगळी करावी.

स्कॅनरची जुळणी

*टप्पा.* स्कॅनर एका वारंवारतेवरून पुढच्या वारंवारतेवर किती अंतराने उडी घेतो, त्याला स्टेप म्हणतात. आपल्याकडे वाहिन्यांमधील अंतर सामान्यतः १२.५ किंवा २५ किलोहर्ट्झ असते. १४४ ते १४६ या पट्ट्यात ५ किलोहर्ट्झच्या टप्प्याने ४०० थांबे होतात, १२.५ च्या टप्प्याने केवळ १६०. शिवाय ५ च्या टप्प्याने १४५.०१२५ सारखी वारंवारता कधीच नेमकी सापडत नाही. यंत्र अडीच किलोहर्ट्झ बाजूला थांबते आणि आवाज फाटका येतो.

*पद्धत.* स्थानिक हौशी संभाषण अरुंद एफएममध्ये असते. आकाशवाणीच्या एफएम वाहिन्या रुंद एफएममध्ये आणि विमानवाहतूक एएममध्ये चालते. अरुंद संदेश रुंद पद्धतीत ऐकल्यास आवाज अतिशय बारीक येतो. ‘आवाज वाढवूनही काही कळत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. लघुलहरींवर १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर साइडबँड आणि वर अपर साइडबँड असा संकेत आहे.

*स्क्वेल्च.* संदेश नसताना खरखर दाबून ठेवणारी ही कळ आहे. ती पूर्ण उघडी ठेवावी, खरखर ऐकू येऊ द्यावी आणि मग हळूहळू फिरवत खरखर थांबते त्या बिंदूच्या किंचित पुढे आणून ठेवावी. त्याहून पुढे नेल्यास दूरचे क्षीण संदेश गळतात; मागे ठेवल्यास स्कॅनर प्रत्येक खरखरीवर अडकून बसतो. दिवसा आणि रात्री परिसरातील विद्युत गोंगाट बदलतो. त्यानुसार ही जुळणी पुन्हा करावी.

*टोन.* अनेक पुनर्प्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, संदेशासोबत ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा एक सूक्ष्म स्वर पाठवतात. स्कॅनरमध्ये भलताच टोन भरला असेल तर संदेश जोरदार असूनही यंत्र गप्प राहते. नव्या वाहिनीचा शोध घेताना टोन बंद ठेवावा; वाहिनीची ओळख पटल्यावरच तो भरावा.

*थांबा आणि वगळणी.* एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याचे उत्तर यायला एक-दोन सेकंद लागतात. तोवर स्कॅनर पुढे गेला तर अर्धेच संभाषण कानी पडते. दोन सेकंदांचा थांबा पुरेसा ठरतो. यंत्राच्या अंतर्गत मंडलामुळे काही वारंवारतांवर कायमचा खोटा संदेश दिसतो. अँटेना काढल्यावरही तो टिकून राहिला तर ती वाहिनी वगळून टाकावी. आपत्तीच्या काळात महत्त्वाच्या वाहिनीला प्राधान्य द्यावे, म्हणजे यंत्र ठरावीक अंतराने तिच्याकडे परतते.

*गेन आणि ॲटेन्युएटर.* अधिक संवेदनशीलता म्हणजे अधिक चांगले ग्रहण, हा समज सर्वस्वी खरा नाही. शहरात एफएम मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या यंत्रात प्रबळ लहरींची गर्दी होते आणि त्यांच्या मिश्रणातून नसलेले संदेश ऐकू येतात. यासाठी दहा डेसिबलचा ॲटेन्युएटर लावून पाहावा. खरा संदेश तेवढाच कमी होतो. मिश्रणातून उपजलेला संदेश त्याहून कितीतरी अधिक घसरतो किंवा नाहीसाच होतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ रोखणारी छोटी गाळणी हा त्यावरचा कायमचा उपाय आहे.

*प्रतिमा.* १०.७ मेगाहर्ट्झची मध्यम वारंवारता वापरणाऱ्या साध्या यंत्रांत दुपटीच्या, म्हणजे २१.४ मेगाहर्ट्झच्या, अंतरावरील संदेश चुकीच्या जागी उमटतो. १४५.० वर असंबद्ध काही ऐकू आल्यास तो १२३.६ किंवा १६६.४ मेगाहर्ट्झवरचा असू शकतो. अशा वेळी ती वाहिनी वगळावी.

संगणकावरील स्कॅनर

२०१२ च्या सुमारास डिजिटल दूरचित्रवाणीसाठी बनविलेले स्वस्त यूएसबी उपकरण संगणकाच्या साह्याने व्यापक पट्ट्याचा ग्राहक म्हणून वापरता येते, हे उघड झाले आणि या छंदाचे स्वरूप बदलले. पडद्यावर एकाच वेळी दोन मेगाहर्ट्झहून अधिक रुंदीचा पट्टा धबधब्यासारखा सरकताना दिसतो. त्यामुळे संदेश शोधावा लागत नाही, तो दिसतो. मात्र बाळगण्याविषयीचे नियम यालाही लागू आहेत.

या उपकरणात दोन जुळण्या महत्त्वाच्या आहेत. पहिली वारंवारतेच्या चुकीची. साध्या उपकरणातील स्फटिक दशलक्षात ५० भाग चुकला तर १४५ मेगाहर्ट्झवर सव्वासात किलोहर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या वाहिनीहून अधिक. ज्ञात वारंवारतेच्या प्रसारणावर तपासून ही दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये भरावी. दुसरी जुळणी गेनची. स्वयंचलित गेन बंद करून तो शून्यापासून वाढवत न्यावा. जोवर संदेश खरखरीच्या पातळीहून वर चढतो आहे, तोवर वाढवावा. केवळ खरखरच चढू लागली की एक पायरी मागे यावे.

घरातला गोंगाट

एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, सौरपंपाचे नियंत्रक आणि शेताच्या कुंपणाचे विद्युत यंत्र यांतून रेडिओ गोंगाट निघतो. उसाच्या पट्ट्यात मोटारी आणि जीर्ण वीजवाहिन्या यांचीही भर पडते. दोषी शोधण्याची सोपी रीत अशी : स्कॅनर बॅटरीवर चालवावा, घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि गोंगाट घटतो का ते पाहावे. घटल्यास एकेक उपकरण सुरू करत अपराधी शोधावा. महापुरात वीज गेलेल्या गावात ग्रहण अनपेक्षितपणे स्वच्छ होते, त्याचे कारण हेच आहे.

सरावासाठी अवकाशस्थानक

जुळणी बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचे उत्तम साधन डोक्यावरून जाते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरील हौशी रेडिओ केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये संदेश पाठवते. विद्यार्थ्यांशी होणारे संभाषण आणि अधूनमधून चित्रेही याच वारंवारतेवर असतात. स्थानक क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जाण्यास सुमारे दहा मिनिटे घेते आणि डोंगराची आड त्याला फारशी जाणवत नाही. जवळ येताना डॉप्लर परिणामामुळे वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ अधिक, दूर जाताना तेवढीच कमी भासते. ४३७.८०० मेगाहर्ट्झवरील त्याच्या रिपीटरबाबत हा फरक दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. म्हणून तेथे यंत्र सतत सरकवत राहावे लागते.

अमेरिकेच्या ‘नोआ’ मालिकेतील १५, १८ आणि १९ क्रमांकांचे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झवर चित्रे पाठवीत; अनेक हौशी मंडळींनी मान्सूनचे ढग प्रथम तेथेच पाहिले. हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यासाठी लिहिलेल्या जुन्या सूचनांवर विसंबून कोणी आता त्या वारंवारता शोधत बसू नये.

मध्यम लहरीचा धडा

सांगलीच्या आकाशवाणी केंद्राची सुरुवात १९६३ मध्ये झाली आणि १२५१ किलोहर्ट्झ ही संख्या कृष्णाकाठच्या कित्येक घरांना पाठ झाली. शेतकऱ्याने रेडिओ उचलून जरा फिरवला की आवाज सुधारे. कारण आतल्या फेराइट दांडीला दिशा असते. दांडीची लांब बाजू प्रक्षेपकाच्या दिशेला आडवी हवी, टोक त्याच्याकडे नको. स्कॅनरच्या जुळणीमागचे तत्त्वही तेच आहे : यंत्रापेक्षा लहरीचा स्वभाव आधी ओळखावा लागतो.

थोडक्यात

* प्रथम परवाना, मग यंत्र.
* अँटेना उंच, उभी आणि योग्य लांबीची. वायर शक्य तितकी आखूड.
* पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, टप्पा १२.५ किलोहर्ट्झ, पद्धत अरुंद एफएम.
* स्क्वेल्च खरखर थांबते त्याच्या किंचित पुढे. शोध घेताना टोन बंद.
* थांबा दोन सेकंद. खोट्या वाहिन्या वगळाव्यात.
* शहरात ॲटेन्युएटर किंवा एफएम गाळणी. दरीत जागा बदलून पाहणे.
* चार्ज केलेली बॅटरी, सुटे सेल आणि वारंवारतांची कागदावर लिहिलेली यादी पावसाळ्यापूर्वी तयार ठेवावी.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. पुराचे पाणी उंबऱ्याशी आल्यावर स्क्वेल्चची कळ कोणती, हे शोधायला सवड नसते. मे महिन्यातील काही संध्याकाळी सरावात गेल्या, तर ऑगस्टमध्ये त्याच कानांना एखाद्या तुटलेल्या गावाचा क्षीण आवाज ओळखता येईल. ऐकलेल्या तातडीच्या हाकेची माहिती समाजमाध्यमांवर न पसरवता थेट जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला देणे, हे परवानाधारक श्रोत्याचे कर्तव्य ठरते.